भिंगबाईंचा लाल बाण

आमच्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याकडे नंतर आणि बाहीच्या शिवणीकडे आधी पाहिलं. बाही हळूच उलटी करून म्हणाल्या, "कुणी शिवलंय? टाके सोडलेत." मी मनात म्हटलं, झालं, इथे काही आपला निभाव लागत नाही. पण लग्न झालं. पुढे नवऱ्याने सांगितलं की आईने चूक काढली म्हणजे मुलगी तिला पसंत पडली. ती गप्प बसली असती तर काळजी होती.

शर्टांच्या कारखान्यात त्या चेकिंगच्या टेबलावर होत्या. सुरुवात केली ती धागे कापणारी पोरगी म्हणून, आणि बाहेर पडल्या तेव्हा सगळं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. शिवून आलेला शर्ट त्यांच्या हाताखालून जायचा. कॉलर, खिसा, बटणपट्टी, कफ, खालची दुमड. दोष दिसला की तिथे लाल बाणाचं छोटं स्टिकर, आणि शर्ट परत दुरुस्तीला. दोष नसला तर एकच शब्द, "पास." कारखान्यात त्यांना भिंगबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती!

अशा कामात आयुष्य गेलेल्या बाईचा जगावर विश्वास उरत नाही. दूधवाला पाणी घालतो, भाजीवाली तळाला सडकं भरते, घड्याळजी मुद्दाम एक स्क्रू सैल ठेवतो, हे त्यांचं पक्कं मत. कुणी गोड बोललं की त्यांच्या कपाळावर आठी. "एवढं गोड कशाला बोलतोय? काहीतरी लपवतोय." मी रागावून बोलले तर मात्र त्यांना बरं वाटायचं.

त्यांच्या हातांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. त्या बोलत असल्या, दुसरीकडे बघत असल्या, तरी हात आपला धंदा चालू ठेवायचे. एकदा दवाखान्याच्या रांगेत त्यांनी पुढच्या माणसाच्या पाठीवर लोंबणारा धागा तोडला. तो माणूस खिसा चाचपत ओरडला, रांगेत गोंधळ झाला, आणि सासूबाई खरोखर चकित होऊन मला विचारत होत्या, "मी काय केलं गं?" सासरे गेले त्या दिवशीही त्या येणाऱ्यांना काय झालं, कसं झालं ते कोरड्या आवाजात सांगत होत्या आणि हात मात्र सासऱ्यांच्या शर्टाची वरची बटणं लावत होते. त्यांच्या कोरड्या आवाजावर नातेवाईक नंतर पुष्कळ बोलले. मी हात पाहिले होते, म्हणून मी काही बोलले नाही.

निवृत्त होताना कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते बंद पडलं. सासूबाईंनी स्वतः मागून घेतला तो लाल बाणांचा जाडजूड रोल. तो घरात आला आणि आमच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. गळक्या नळावर बाण. नीट न पुसलेल्या आरशावर बाण. माझा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो; एकदा त्याने रात्रभर वाळायला ठेवलेल्या पाटीवर, एका अक्षराच्या शेपटीशी, बाण. तो चरफडला, पण शेपटी खरंच वाकडी होती.

आणि मग आमची खारू. पुढच्या दोन दातांमुळे मुलीला हे नाव पडलं. खारीसारखी इकडून तिकडे पळायची, पण खारीचे हात मात्र तिला मिळाले नव्हते. पेन्सिल मुठीत धरायची. चमचा तोंडापर्यंत जाईतो रिकामा. शाळेत चित्रकलेच्या तासाला अंगात डगला घालायचा असतो, त्याची बटणं समोर धरून नुसती बघत राहायची.

शिशुवर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. नवरा, मी, आणि न बोलावता सासूबाई. आम्ही तिघं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

"हिच्या बोटांत काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीही तेच सांगितलंय ना? बोटांना काम मिळत नाही, एवढंच. तुमच्या घरी कुणीतरी हिचं सगळं करून देतंय."

"कुणीतरी म्हणजे कोण?" सासूबाईंनी लगेच विचारलं.

"ते मला कसं कळणार, आजी? पण आता थांबवा. हिला खेळू द्या. कणकेचा गोळा द्या, दोरीवर चिमटे लावू द्या, जुने कागद फाडू द्या, मणी ओवू द्या. पसारा होईल, होऊ दे. पेन्सिलीचं नंतर बघू."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात त्या नुसत्या बघणार, मदत करणार नाहीत. डगल्याची बटणं स्वतः लावायची, डबा स्वतः उघडायचा. वरच्या मजल्यावर पहिलीचा वर्ग भरतो, तिथे उघडून द्यायला कुणी नसतं. नाही जमलं तर खारू अजून एक वर्ष खालीच राहील.

"आत्ता डबा कोण उघडतं?" मी विचारलं.

"माझं लक्ष गेलं तर मी. नाही गेलं तर ती डबा पुढ्यात घेऊन बसून राहते. विचारलं की म्हणते, भूक नाही."

भरलेला डबा घरी परत यायचा तेव्हा सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाच्या पातेल्यावर बाण लावला होता. मीठ जास्त पडतंय असा त्यांचा निकाल होता. आणि पोर सगळ्या वर्गाच्या मध्ये बंद डब्यासमोर उपाशी बसत होती.

खारूला यातलं एवढंच कळलं होतं की मैत्रिणी वर जाणार. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, वरच्या वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसतं ना? मला कुणी सांगेल का तिथून काय दिसतं ते?" मी तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून घेतलं, म्हणजे तिला माझं दिसू नये.

त्या दिवशी शाळेतून परतताना सासूबाई आमच्या पुढे झपाझप चालत होत्या. घरात पाय टाकला आणि म्हणाल्या, "कुणीतरी. मी शोधून काढीन."

त्या दिवसापासून घराची पोलीस चौकी झाली. संशयित तिघं. मी, कारण मला औषधाच्या दुकानात वेळेवर पोचायची घाई असते आणि घाईची बाई मुलाचं सगळं स्वतःच करून टाकते. माझा नवरा, कारण तो मऊ. आणि व्हॅनवाले काका, कारण ते खारूला "राणीसरकार" म्हणतात, आणि एवढं गोड कशाला बोलतात?

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकत होतीच. सकाळी मी खारूला शर्ट घालून द्यायची आणि म्हणायची, "बटणं तू लाव." मग मी डबा भरायला वळायची. खारू एका बटणाशी झटापट करत बाहेरच्या खोलीत जायची. आणि व्हॅनमध्ये चढताना खिडकीतून बघावं तर सगळी बटणं खालपासून वरपर्यंत लागलेली! हे एका बटणाशी झटापट करणाऱ्या मुलीचं काम नव्हतं. मला वाटायचं, नवरा लावतो. मी विचारलं तर तो म्हणाला, "मी? मला वाटलं तूच लावतेस." असा साळसूद चेहरा करून म्हणाला की माझा संशय वाढलाच.

सासूबाईंनी कारखान्यातली युक्ती काढली. शिंप्यांचा निळा खडू असतो ना, कापडावर खुणा करायचा, तो त्यांनी संध्याकाळी इस्त्री झाल्यावर खारूच्या शर्टाच्या बटणांना मागून घासून ठेवला. "जो हात लावेल त्याची बोटं निळी," मला दरडावून म्हणाल्या. "बघू आता."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही हात पुढे करून ओळीत उभे. माझे हात कोरे. व्हॅनवाले काका फाटकाशी आले तर त्यांनाही सोडलं नाही. त्यांच्या बोटांना वंगण होतं, काळं. नवऱ्याचा अंगठा मात्र निळा.

"सापडलास!" सासूबाई म्हणाल्या. "अगदी रंगेहाथ."

"अगं आई, मी पाट्या रंगवतो! दाताच्या दवाखान्याची पाटी निळी आहे, जाऊन बघ!"

"आजच बरी निळी पाटी आली."

"आणि तुमची बोटं, आई?" मी विचारलं, कारण ती निळीशार दिसत होती.

"खडू मी लावला, तर माझी होणारच ना?" त्या अशा काही तुच्छतेने म्हणाल्या की मी तोंड मिटलं. खटला तिथेच निकालात निघाला. नवऱ्याला सकाळी खारूच्या जवळ फिरकायची बंदी झाली. बिचारा दात घासायलाही खारूची व्हॅन गेल्यावर उठायचा. आणि तरीही खारूची बटणं खालपासून वरपर्यंत लागलेली.

इकडे संध्याकाळी बाईंनी सांगितलेले खेळ सुरू होते. सासूबाईंना ते पहिल्यापासून खटकले. "फी आपण भरायची, आणि चिमटे लावायला आपल्याच घरी शिकवायचं? ही शाळा बघायला हवी एकदा." पण खेळावर देखरेख त्यांचीच. खारूने कणकेचा साप केला की त्या एका बोटाने तो सारखा जाडीचा करून द्यायच्या. खारूने दोरीवर चिमटे लावले की त्या सरकवून एकसारख्या अंतरावर आणायच्या. मण्यांच्या माळेत दोन लाल एकापुढे एक आले, तर तिथे बाण. खारू पहिल्या आठवड्यात उड्या मारत खेळायला बसली. नंतर नंतर ती दोरी सासूबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणायला लागली, "आजी, तूच कर. तुझं छान होतं."

"बघितलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "कुणीतरी हिला आळशी करून ठेवलंय."

मी बघितलं होतं. त्याच क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते मला इतकं भलतं वाटलं की मी स्वतःलाच गप्प केलं. पण संशय असा गप्प बसत नाही. रंगाचा पुरावा आमच्या घरात कुचकामाचा, तेव्हा मी दुकानातून लवंगेच्या तेलाची बाटली आणली, दाढदुखीवर देतो तेच. सकाळी शर्ट घालताना खारूच्या बटणांना थेंबभर पुसलं आणि कुणालाच काही बोलले नाही.

व्हॅन गेली. नवरा उठून आला, मी त्याचा हात नाकाशी नेला. टर्पेंटाइन. तो म्हणाला, "काय गं, सकाळी सकाळी?" मी म्हटलं, "काही नाही." तेवढ्यात टेबलाशी बसलेल्या सासूबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. परत उचलला, हुंगला.

"आज चहात काय घातलंयस?" त्या म्हणाल्या. "लवंगेचा वास मारतोय. सांगून तरी घालायचं."

मी त्यांच्या कपाभोवतीच्या बोटांकडे बघत राहिले. चहात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा आधीच भरून दप्तरात ठेवला आणि दाराआड उभी राहिले. जे दिसलं ते मी रोज बघत आले होते आणि कधी पाहिलं नव्हतं. खारू उघड्या बटणांनी दारापाशी आली. सासूबाई म्हणाल्या, "थांब, चेकिंग." कॉलर, खिसा, बटणपट्टी, कफ, दुमड. हात वरून खाली गेला, आणि तो गेला तिथे बटणं लागली. सासूबाईंचं लक्ष हातांकडे नव्हतंच. त्या व्हॅनवाल्या काकांना उशिरावरून झापत होत्या. मग त्यांनी दप्तरातला डबा चाचपला, सांडू नये म्हणून तळव्याने झाकण खाली दाबलं, आणि म्हणाल्या, "पास."

मी धावत जाऊन तो डबा मागून घेतला, "चमचा राहिला" म्हणत. झाकण उघडायला माझ्यासारखीला दात आवळावे लागले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. तो मटकन बसला. "माझी बंदी उठव आधी," म्हणाला. मग म्हणाला, "आईला कोण सांगणार?"

"तुझी आई आहे."

"तुझं लवंगेचं तेल आहे."

शेवटी मीच बोलले, जमेल तेवढ्या हळुवारपणे. "आई, थोडे दिवस सकाळचं चेकिंग नको. खारूला तसंच जाऊ दे."

सासूबाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "म्हणजे माझ्यावर संशय?"

"तुम्ही मुद्दाम नाही करत. हात आपोआप..."

"मी बटणं लावते? मी? मी फक्त बघते! कारखान्यात विचार कुणालाही, भिंगबाईने कधी शर्ट दुरुस्त केला का. चेकिंगवाली दुरुस्त करत नसते, ती दाखवते!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांना आपलं ते नाव माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. "माझ्या नातीला मी उपाशी ठेवीन? असं वाटतं तुला?"

त्या जेवल्या नाहीत. मला वाईट वाटलं आणि रागही आला. खोटं बोलत असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, रांगेतल्या त्या धाग्यासारखंच. दुसऱ्या सकाळी चेकिंग पुन्हा सुरू झालं, उलट आता माझ्याकडे बघत बघत, की बघ, मी काही करते का. आणि बटणं लागत होती. डबा तोवर बाई आठवणीने उघडून देत होत्या, पण शाळेचा शेवटचा आठवडा तोंडावर आला होता.

त्यातच नवीन चोरी उघडकीला आली. "माझा रोल बारीक होतोय," सासूबाई म्हणाल्या. लाल बाण कमी होत होते. त्यांनी न वापरताच. आता या घरात त्यांच्या विरुद्ध कट शिजतोय याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, म्हणून नवऱ्याला विचारलं, "तू पाट्यांना लावतोस?" तो म्हणाला, "नाही." "मग तिने टाकले." तिने म्हणजे मी.

सुटीच्या दिवशी केर काढताना त्यांच्या झाडूत स्टिकरमागच्या गुळगुळीत कागदाचे चिटोरे आले. जेवणाच्या टेबलाखाली. सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या, मग हातांवर रेलल्या, मग विजेरी मागवून सरळ पाठीवर आडव्या झाल्या आणि डोकं टेबलाखाली घातलं. मी धावले, मला वाटलं पडल्या.

"गप," त्या आतून म्हणाल्या. "ये इकडे."

मीही आडवी झाले. टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला लाल बाणच बाण होते. एका कोपऱ्यात नुसते तुकडे, अर्धे फाटलेले, चुरगळलेले, एकमेकांवर गोळा होऊन चिकटलेले. त्यांच्या पुढे दुमडलेले. मग कोपरा तुटलेले. आणि मधोमध, टेबलाच्या पायापर्यंत पसरलेले, अख्खे बाण, स्वच्छ सोललेले, काही वाकडे, काही उलटे, पण अख्खे.

सासूबाईंनी विजेरी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली. शर्टावरून हात न्यायच्या तशी. "हा फेल," पुटपुटल्या. "हा फेल. हा पण. इथे नखाने सोलायला गेलीय. इथे बोटाने. हा... हा बरा आहे. हा पास. हा पास. हा पास गं!" शेवटचं त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, रुसवा विसरून. ते स्टिकर इतके पातळ आणि बारीक की मलाही धड निघत नाहीत.

घरातली ही एकच जागा होती जिथे चेकिंग होत नव्हतं.

खारू दारात उभी होती, घाबरून पांढरी. रोल चोरल्याबद्दल आता काय होईल याची ती वाट बघत होती.

"इकडे ये," सासूबाई उठून बसत म्हणाल्या. "हे तू केलंस? एकटीने?"

खारूने मान हलवली. "मी चेकिंग चेकिंग खेळत होते."

"मग माझं कर."

खारूला आधी खरं वाटेना. मग तिने आजीचाच आवाज काढला, "थांब, चेकिंग." जमिनीवर बसलेल्या आजीच्या पोलक्याचा गळा बघितला. बाह्या बघितल्या. पदराचं टोक बघितलं. मग आजीचा उजवा हात उचलून उलटासुलटा केला, फ्रॉकच्या खिशातून रोलचा तुकडा काढला, दोन बोटांच्या टोकांनी एक बाण अलगद सोलला आणि आजीच्या अंगठ्यावर चिकटवला.

"इथे कशाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हाच लावतो ना माझी बटणं."

खारूने आमच्या तोंडांकडे पाहिलं, आपलं काही चुकलं का म्हणून, आणि घाईघाईने म्हणाली, "आणि डब्याला पण दाबतो."

सासूबाईंनी सगळ्यांची झडती घेतली होती. नवऱ्याची, माझी, व्हॅनवाल्या काकांची. ज्या पोरीची बटणं, तिला विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. मलाही नाही.

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. अंगठ्यावरचा बाण त्यांनी काढला नाही. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर खिडकीपाशी बसून त्या हाताकडेच बघत होत्या. "ती भूक नाही म्हणायची," एवढंच म्हणाल्या, आणि रडल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सासऱ्यांच्या वेळीही त्या रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. समजूत घालणारं काही बोलले असते तर त्यांना त्यातही काहीतरी लपवलंय असं वाटलं असतं, म्हणून नुसतीच बसले.

शेवटच्या आठवड्यातल्या पहिल्या दिवशी सकाळी खारू दारापाशी आली. बटणं उघडी. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताचं मनगट दुसऱ्याने घट्ट पकडलं. "थांब," म्हणाल्या. "चेकिंग नाही. लाव तुझी तू."

व्हॅनने हॉर्न दिला. खारूने पहिलं बटण धरलं, सुटलं, परत धरलं. काका पुन्हा हॉर्न द्यायला लागले तशा सासूबाई रस्त्यावर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "थांबा हो! काम चाललंय!" पाठीमागचं त्यांचं मनगट पांढरं पडलं होतं. खारूचं तिसरं बटण चौथ्या काजात गेलं आणि तिथून पुढे सगळा शर्ट वाकडा झाला, खाली एक टोक लोंबायला लागलं. सासूबाईंना ते दिसलं. असं कसं दिसणार नाही?

"झालं!" खारू म्हणाली.

सासूबाईंनी त्या लोंबत्या टोकाकडे पाहिलं, मग खारूकडे. "पास," त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने आतून, दात घासता घासता, टाळ्या वाजवल्या.

दिवसभर दुकानात माझं चित्त नव्हतं. एका गिऱ्हाईकाला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम देत होते. घरी आले तर सासूबाई फाटकातच उभ्या, आणि व्हॅनवाल्या काकांना, आज लवकर आलात म्हणून, संशयाने विचारत होत्या की मुलांना अर्ध्या वाटेत सोडलं का. खारू उतरली. शर्ट तसाच वाकडा, हाताला रंग, डगल्याचं काय झालं ते विचारायचा धीर मला होईना. दप्तर तिने ओट्यावर टाकलं आणि पाणी प्यायला पळाली.

रोज दप्तराला आधी हात सासूबाईंचा लागायचा. त्या दिवशी त्या पुढे गेल्या, डब्याचा आकार बाहेरून दिसत होता तिथे थबकल्या आणि मागे सरकल्या.

"तू काढ," मला म्हणाल्या. "माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

मी डबा काढला. झाकण तिरकं बसलं होतं, त्यातून तेल गळून चित्रांच्या वहीचा कोपरा पिवळा झाला होता. मी डबा हलवला. हलका लागला, आत काहीच वाजलं नाही. सासूबाईंनी झाकणाकडे पाहिलं, वहीवरच्या डागाकडे पाहिलं, आणि हात पदराखाली घेऊन मला म्हणाल्या, "ते झाकण तसंच राहू दे."